दगडावरची ढाल वाचायची कशी? कोट ऑफ आर्म्सच्या नादी लागलेल्या नवख्यांसाठी

वसईच्या किल्ल्यात, जुन्या गोव्यात, मुंबईतल्या एखाद्या ब्रिटिशकालीन इमारतीवर, नाहीतर जुन्या बाजारातल्या तांब्याच्या नाण्यावर ढालीच्या आकाराचं काहीतरी कोरलेलं दिसतं. सिंह, किल्ले, ठिपके, खाली लॅटिन. सोबतचा मित्र ठामपणे सांगतो, "राजचिन्ह आहे ते." बरं, पण कोणाचं, कधीचं? तिथे सगळे गप्प. अशा ढालीच्या चिन्हाला कोट ऑफ आर्म्स म्हणतात, एखाद्या माणसाची, घराण्याची किंवा राज्याची ओळख. मी या नादाला लागून बरीच वर्षं झाली आणि सुरुवातीला कोणी चार गोष्टी नीट सांगितल्या असत्या तर किती वेळ वाचला असता असं वाटतं, म्हणून हे लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा.

सगळ्यात आधी एक काम करा. नेटवर "सिंह म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा" छापाचे तक्ते फिरतात ते डोक्यातून काढून टाका, कारण हे तक्ते बहुतेक सगळे नंतरच्या काळात कोणीतरी रचलेले आहेत आणि त्यांनी एकही ढाल ओळखता येत नाही. बाराव्या शतकात युरोपात ढालीवर ठराविक चित्र काढायची आणि तेच पुढे मुलाने, नातवाने चालवायची पद्धत रुळली ती मुळात ओळख पटावी म्हणून. त्यामुळे समोर ढाल आली की "याचा अर्थ काय" हा प्रश्न मागे ठेवायचा. आधी "यात नेमकं काय काढलंय", मग "हे कोणाचं", आणि अर्थबिर्थ सापडलाच तर सगळ्यात शेवटी.

आपल्याकडच्या देवकाशी पण याची गल्लत करू नका. एकच देवक कितीतरी घराण्यांचं असतं. तिकडे एका मुलखात एक ढाल एकाचीच, आणि दुसऱ्याने तीच वापरली तर कोर्टकज्जे व्हायचे.

सोबत काय न्यायचं

- टॉर्च. मोबाईलचा चालेल पण हातात धरायची वेगळी असेल तर उत्तम
- वही, पेन्सिल आणि लाल, निळा, हिरवा, काळा, पिवळा असे खडू रंग
- नाण्यांसाठी भिंग
- फोन, आणि फोनमध्ये जागा

फळ्यावरचा खडू, पीठ, पावडर, तेल यातलं काहीही न्यायचं नाही. झिजलेलं कोरीवकाम उठून दिसावं म्हणून लोक दगडावर खडू घासतात, पाणी ओततात, ते अजिबात करू नका. दगडाची वाट लागते आणि संरक्षित स्मारकात तो गुन्हाही आहे. त्यापेक्षा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड पाडा, जे समोरून सपाट दिसतं ते सावल्यांमुळे उठून येतं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना गेलात तर टॉर्चही लागणार नाही.

पायरी १: तुकडे ओळखा

मधली ढाल हा मुख्य भाग. तिच्या डोक्यावर हेल्मेट असतं, हेल्मेटवर एक पिळाचं कापडी कडं असतं, थेट आपल्या चुंबळीसारखं, आणि त्या कड्यावर जो प्राणी, पक्षी, हात वगैरे उभा असतो ना, फक्त त्यालाच क्रेस्ट म्हणतात. हेल्मेटपासून दोन्हीकडे कातरलेल्या कापडाच्या झालरी लोंबतात ते मँटलिंग. ढाल धरून दोन बाजूंना जे उभे ते सपोर्टर. पट्टीवर लिहिलेलं ब्रीदवाक्य म्हणजे मोटो. हे सगळं मिळून जे होतं त्याला अचीव्हमेंट म्हणतात, पण बोलताना लोक सगळ्यालाच कोट ऑफ आर्म्स म्हणतात आणि ते चालतं. या सगळ्या शास्त्राचं नाव हेरल्ड्री.

क्रेस्ट हा शब्द मात्र जपून वापरा. फुटबॉल क्लबच्या बॅजला क्रेस्ट, शाळेच्या खिशावरच्या चिन्हाला क्रेस्ट, कपावर छापलेल्या ढालीला "फॅमिली क्रेस्ट" असं सर्रास चालतं. जुन्या नोंदी शोधायला गेलात की हेच अंगाशी येतं, कारण नोंदीत "क्रेस्ट: मोर" असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही ढालीवर मोर शोधत बसता. मोर वर हेल्मेटवर असतो.

प्रत्येक वेळी सगळे तुकडे असतीलच असं नाही. किल्ल्याच्या दरवाज्यावर बहुतेकदा नुसती ढाल आणि मुकुट.

पायरी २: उजवं-डावं उलटं करा

इथे जवळपास प्रत्येक नवखा गोंधळतो. ढालीची उजवी-डावी ही ढाल हातात धरून मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हिशोबाने ठरते. म्हणजे डेक्स्टर, ढालीची उजवी बाजू, ती बघणाऱ्याला डावीकडे दिसते. सिनिस्टर त्याच्या उलट. ढालीवरचे प्राणी, वेगळं सांगितलं नसेल तर, डेक्स्टरकडे म्हणजे आपल्या डावीकडे तोंड करून असतात. वरच्या भागाला चीफ, खालच्या भागाला बेस.

वहीत पानाच्या वरच आपल्या डावीकडे "डे" आणि उजवीकडे "सि" लिहून ठेवा, सवय होईपर्यंत.

आणि सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढू नका! काही फोनमध्ये तो आरशासारखा उलटा सेव्ह होतो, मग घरी येऊन सगळं उलटं वाचलं जातं.

पायरी ३: रंग, आणि रंग नसतील तर काय

दोन धातू: सोनं म्हणजे ऑर (पिवळाही चालतो), चांदी म्हणजे आर्जंट (पांढराही चालतो). नेहमीचे पाच रंग: लाल ग्यूल्स, निळा ॲझर, काळा सेबल, हिरवा व्हर्ट, जांभळा परप्युअर. शिवाय फर, त्यात अर्मिन म्हणजे पांढऱ्यावर काळी शेपटीची टोकं. एखादी गोष्ट तिच्या नैसर्गिक रंगात असेल तर प्रॉपर.

नियम एकच पाठ करा: धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. लांबून दिसावं म्हणून. लालवर सोनेरी सिंह चालेल, लालवर निळा सिंह नाही. अपवाद आहेत, सगळ्यात प्रसिद्ध अपवाद जेरुसलेमच्या राज्याचा, चांदीवर सोन्याचा क्रूस. पण एखाद्या इमारतीवर नव्याने रंगवलेली ढाल दिसली आणि तिच्यात निळ्यावर काळं असेल तर बहुतेक वेळा रंगाऱ्याने मनाने रंग भरलेले असतात.

आता दगडावर, नाण्यावर, छापील कागदावर रंग कुठून येणार? त्यासाठी रेघांची पद्धत आहे. पेत्रा सांक्ता नावाच्या इटालियन जेझुइटाने (जेझुइट हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा एक संघ) १६३८ च्या ग्रंथात ती वापरली आणि तीच सगळीकडे रूढ झाली:

- उभ्या रेघा: लाल
- आडव्या रेघा: निळा
- उभ्या-आडव्या जाळीच्या: काळा
- तिरक्या, आपल्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली: हिरवा
- तिरक्या, उलट दिशेने: जांभळा
- ठिपके: सोनं
- कोरं: चांदी

सापळा असा की दगड त्याहून जुना असेल तर या रेघांना काही अर्थ नाही, त्या पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणा असतात. छापील लेटरहेड, पुस्तकांचे एक्स लिब्रिस (पुस्तक कोणाचं ते सांगणारी आत चिकटवलेली चिठ्ठी), चांदीची भांडी यांवर मात्र ही पद्धत मस्त चालते.

पायरी ४: ठराविक क्रमाने वाचा

ढालीचं शब्दांत वर्णन करायची जी भाषा आहे तिला ब्लेझन म्हणतात. ऐकायला विचित्र, अर्धी जुनी फ्रेंच, पण क्रम पक्का असतो. आधी पार्श्वभूमीचा रंग, मग त्यावरची मुख्य गोष्ट, ती किती, कोणत्या अवस्थेत, कशी मांडलेली, तिचा रंग, मग बाकीचं. इंग्लंडची ढाल: ग्यूल्स, थ्री लायन्स पॅसंट गार्डंट इन पेल ऑर. म्हणजे लाल जमीन, तीन सिंह, चालणारे आणि तोंड आपल्याकडे वळवलेले, एकाखाली एक, सोन्याचे. सिंह मागच्या पायावर उभा राहून पंजे उगारत असेल तर रॅम्पंट. एवढे दोन-तीन शब्द आले तरी अर्धे सिंह मार्गी लागतात.

सरावासाठी मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मुंबईचं आहे. सर जमशेटजी जीजीभॉय, जे.जे. वाले, १८५७ साली बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश किताब) झाले. त्यांच्या ढालीचं ब्लेझन मराठीत मांडलं तर असं: निळी जमीन, खालच्या भागात घाट (मूळ वर्णनात चक्क "घाट" शब्द आहे आणि पुढे खुलासा, की मुंबईजवळच्या डोंगरांना असं म्हणतात), त्यांच्यामागून उगवणारा सूर्य, वरच्या भागात उडणाऱ्या दोन मधमाश्या, सगळं प्रॉपर म्हणजे नैसर्गिक रंगात. क्रेस्ट: हिरव्या टेकाडावर गव्हात उभा मोर, चोचीत गव्हाची लोंबी. मोटो: इंडस्ट्री अँड लिबरॅलिटी, उद्योग आणि दानत.

हे वाचून चित्र बघायच्या आधी स्वतः काढून बघा. खडू रंग त्यासाठीच सांगितले. तुमचे घाट आणि दुसऱ्याचे घाट वेगळे दिसतील, मधमाश्या जाड-बारीक होतील, तरी दोन्ही ढाली बरोबर, कारण अधिकृत असतं ते वर्णन, चित्र नाही. म्हणूनच एकाच घराण्याची ढाल दोन ठिकाणी वेगळी दिसली तर लगेच "ही खोटी" म्हणू नका.

पायरी ५: हातात धरून शिका, पाव आण्याचं नाणं

ईस्ट इंडिया कंपनीचं १८३५ चं क्वार्टर अण्णा. तांब्याचं, भरपूर पाडलेलं, अजून मिळतं. भिंग घ्या. ढालीवर मोठा क्रूस, सेंट जॉर्जचा. क्रूसामुळे झालेल्या चार चौकटींपैकी आपल्या डावीकडच्या वरच्या चौकटीत, म्हणजे डेक्स्टर चीफला, एक पिटुकली ढाल. दोन बाजूंना सिंह, प्रत्येकाजवळ झेंडा. वर क्रेस्ट, मुकुट धरलेला सिंह. खाली पट्टीवर लॅटिन, अर्थ साधारण "इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्या आश्रयाने". पायरी १ ते ४ सगळ्या एका नाण्यात होतात. झिजलेल्या नाण्यात ती पिटुकली ढाल सगळ्यात आधी जाते, ती स्पष्ट असलेलं नाणं निवडा.

सावधान: एका बाजूला याच कंपनीची ढाल आणि दुसऱ्या बाजूला मारुती, राम दरबार, ॐ किंवा कमळ, साल १८१८, अशी नाणी "दुर्मिळ, चमत्कारी, तांदूळ खेचतं" म्हणून हजारो-लाखो रुपयांना विकायचा प्रयत्न होतो. कंपनीने असं नाणं कधीही पाडलेलं नाही. ते पूजेतले किंवा शोभेचे टोकन आहेत. ढाल खरी वाटते म्हणून नाणं खरं ठरत नाही.

पायरी ६: पोर्तुगीज ढाल

आपल्या भागात दगडावर सगळ्यात जास्त हीच भेटते, वसई, रेवदंडा, गोवा, दीव, दमण. एकदा डोळ्यात बसली की लांबून ओळखाल. चांदीच्या जमिनीवर पाच छोट्या निळ्या ढाली क्रूसाच्या आकारात मांडलेल्या, प्रत्येकीत पाच पांढरे ठिपके, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. या पाचांना किनाश म्हणतात. भोवती लाल किनार आणि किनारीत सोन्याचे किल्ले. किल्ले सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सात ठरले, त्याआधी कमी-जास्त असायचे.

झिजलेल्या दगडावर ठिपके आधी जातात, किल्ले नुसते ठोकळे दिसतात, पण क्रूसात मांडलेल्या पाच ढालींचा आराखडा बराच टिकतो. तोच शोधा.

काळ ठरवायला या खुणा कामाच्या:

- शेजारी कड्या-कड्यांचा गोल (आर्मिलरी स्फिअर, खगोलाचं जुनं उपकरण) वेगळा कोरलेला असेल तर ते राजा मॅन्युएल पहिला याचं खासगी चिन्ह. त्याची कारकीर्द १४९५ ते १५२१. पण त्याच्यानंतरही लोक ते कोरत राहिले, त्यामुळे नुसत्या गोलावरून साल ठोकू नका.
- ढाल त्या गोलाच्या वर बसवलेली आणि माथ्यावर मुकुट: पोर्तुगाल-ब्राझील संयुक्त राज्याचा काळ, १८१६ पासूनची साधारण दहा वर्षं.
- ढाल गोलावर, पण मुकुट गायब: १९१० ला राजेशाही संपल्यानंतरचं.
- काटेरी दात्यांचं चाक: हे गोव्याचं. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा घेतला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, संत कॅथरीनचा सण, आणि ते चाक कॅथरीनचं.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीवर हरीण दिसतं. कमान १५९९ च्या सुमारास फ्रान्सिस्को द गामाने, वास्कोच्या पणतूने, बांधवली, आणि पोर्तुगीजमध्ये गामा म्हणजे हरिणी. आडनावावर चित्रातून केलेली कोटी. हा प्रकार हेरल्ड्रीत इतका चालतो की त्याला वेगळं नाव आहे, कँटिंग. म्हणून अनोळखी ढालीवर एखादी विचित्र वस्तू दिसली तर आधी त्या भाषेत तिचं नाव काय ते बघा, बऱ्याचदा आडनाव तिथेच सापडतं. (ही कमान १९५४ मध्ये पुन्हा उभारली आहे, तेव्हा प्रत्येक दगड मूळचा समजू नका.)

पायरी ७: चर्चमधल्या ढाली

जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फरशीत ढाली कोरलेल्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. सुरुवात करायला याहून चांगली जागा नाही, फक्त त्या कबरी आहेत याचं भान ठेवा, वर उभं राहून फोटो नको.

चर्चमधलं प्रत्येक चिन्ह ढाल नसतं. संन्यासी संघांची आपापली चिन्हं असतात: आयएचएस ही अक्षरं, भोवती किरणं आणि खाली तीन खिळे म्हणजे जेझुइट, बॉम जीझस बॅसिलिकाच्या दर्शनी भागावर हीच अक्षरं आहेत. क्रूसासमोर एकमेकांवर आडवे दोन हात, एक उघडा एक बाहीतला, हे फ्रान्सिस्कन. बाण घुसलेलं जळतं हृदय ऑगस्टिनियन. फ्रान्सिस्कन लोक ख्रिस्ताच्या पाच जखमाही दाखवतात, आणि झिजल्यावर त्या पाच खुणा पोर्तुगालच्या पाच ढालींसारख्या वाटू शकतात. किल्ल्यांची किनार आहे का बघा, नसेल तर घाई करू नका.

हेल्मेटच्या जागी रुंद कडांची टोपी आणि दोन्हीकडे गोंडे लोंबताना दिसले तर ती धर्मगुरूची ढाल. गोंड्यांची संख्या पदाप्रमाणे असते, आज बिशपला प्रत्येक बाजूला सहा, आर्चबिशपला दहा, कार्डिनलला पंधरा. जुन्या दगडांवर हे आकडे पाळलेले नसतात, त्यामुळे गोंडे मोजून पद सांगायचा मोह टाळा.

पायरी ८: संस्थानांची चिन्हं

यावर कमीच लिहिते कारण नियम कमी आहेत. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने राजेरजवाड्यांना निशाणं दिली, त्यासाठी बंगालच्या सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलरने सुमारे ९० चिन्हं युरोपियन पद्धतीने आखली. ढाल, सपोर्टर, मोटो सगळं तिकडचं, आत वस्तू इकडच्या. पुढे संस्थानांनी आपापल्या मर्जीने बदल केले. बडोद्याचं "जीन घर जीन तख्त" सारखं ब्रीद वाचता आलं तर संस्थान लगेच कळतं, म्हणून इथे ढालीपेक्षा खालची पट्टी आधी वाचा.

पायरी ९: शोधायचं कसं

दोन प्रकारच्या सूची असतात. आर्मोरियल म्हणजे आडनावावरून ढाल. ऑर्डिनरी म्हणजे ढालीवरच्या चित्रावरून आडनाव. आपल्याला जवळपास नेहमी दुसरी लागते आणि लोक पहिलीत डोकं फोडत बसतात. जुन्या दोन्ही प्रकारच्या सूची स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. पोर्तुगीज घराण्यांसाठी सिंट्राच्या राजवाड्यातल्या ढालींच्या दालनाचे फोटो बघा, मॅन्युएलच्या काळातलं काम आहे, छताभोवती ७२ घराण्यांच्या ढाली.

फोटो काढताना तीन काढा: पूर्ण भिंत, पूर्ण ढाल, मग बारकावे. पहिला कोणी काढत नाही आणि नंतर ती ढाल कुठल्या दारावर होती तेच आठवत नाही. ब्लेझन जागेवरच लिहा, आणि जे दिसत नाही तिथे "झिजलंय" लिहा, अंदाजाने भरू नका.

पायरी १०: "आमच्या आडनावाचं मिळेल का?"

हा प्रश्न येतोच. उत्तर: आडनाव टाकून ढाल छापून देणाऱ्या दुकानांना पैसे देऊ नका. इंग्लंडात ढाल आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशात चालते. गोव्यातल्या मित्रांनो, तुमच्याकडे डिसूझा, मिनेझिस वगैरे आडनावं बऱ्याचदा बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा गॉडफादरचं घेतलेली आहेत, त्यामुळे लिस्बनच्या सूझांची ढाल आपोआप तुमची होत नाही.

ब्रिटिश नागरिक झालेल्या, इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला रीतसर मिळू शकते. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून हे काम करतंय. तिथल्या अधिकाऱ्याशी आधी बोलायचं, मग अर्ल मार्शलच्या (या कामावर देखरेख करणारा अधिकारी) नावे अर्ज, सोबत स्वतःची सविस्तर माहिती (शिक्षण, काम, समाजकार्य) आणि फी. फी काही हजार पौंडांत असते आणि बदलत राहते, ताजा आकडा त्यांच्याकडूनच घ्या. मंजुरी मिळाली की त्यांच्यासोबत बसून आराखडा ठरतो आणि हाताने रंगवलेली सनद मिळते. स्कॉटलंडसाठी एडिंबरातलं लॉर्ड लायनचं कोर्ट वेगळं, कॅनडात १९८८ पासून त्यांची स्वतंत्र संस्था.

भारतात ढाली मंजूर करणारी अशी सरकारी संस्था नाही. स्वतःची आखून घरावर लावलीत तर कोणी अडवणार नाही, फक्त त्यात सारनाथचे सिंह घेऊ नका. २००५ च्या कायद्याने राजमुद्रा खासगी कामासाठी वापरायला बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गाडीच्या काचेवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर लावलेली पण त्यात येते.